शेऱ्याचा रकाना

शांताबाई गजभिये यांनी चौतीस वर्षांच्या नोकरीत न वाचता एकाही कागदावर सही केली नव्हती. रेल्वेच्या कार्मिक शाखेत त्या कारकून म्हणून लागल्या आणि कार्यालय अधीक्षक होऊन निवृत्त झाल्या. साहेब घाईत असोत, दारात गाडी उभी असो, बाई आधी चष्मा पुसणार, मग कागद खिडकीकडे धरणार आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचणार. एकदा एक साहेब वैतागून म्हणाले, "वाचता काय बाई, वर्तमानपत्र आहे काय ते?" त्यावर बाई म्हणाल्या, "वर्तमानपत्र असतं तर नसतं वाचलं, सर." साहेब पुढे बदलून गेले, पण हे वाक्य शाखेत राहिलं.

अशा बाईंनी एका दुपारी जेवण झाल्यावर, पलंगावर पाय लांब करून, हातातल्या यंत्राला अकरा वेळा "हव" म्हटलं. एकदाही वाचलं नाही. पुढे जे काही झालं ते त्या अकरा वेळांमुळे झालं, म्हणून आधी हे "हव" काय ते सांगितलं पाहिजे.

रायपुरात जन्म काढलेल्या मराठी माणसाच्या तोंडी "हो" राहत नाही, तिथे छत्तीसगढी "हव" येऊन बसतं. भाजीवालीला हव, शेजारणीला हव, "चहा घेता काय" याला तर दोनदा हव. त्यात होकार असतोच असं नाही. समोरच्याचं बोलणं कानावर आलं, एवढीच पोच असते पुष्कळदा. शांताबाईंचे आजोबा भंडाऱ्याकडून रेल्वेच्या कामावर इकडे आले, तेव्हापासून घरात हे हव मुरलेलं. माणसांच्या दुनियेत त्याने कधी कोणाचं बिघडलं नाही, कारण माणूस तोंडाकडे बघून ओळखतो की हे खरं हव आहे की नुसतं. यंत्राला तोंड बघता येत नाही.

निवृत्तीनंतर बाईंनी स्थळं जमवण्याचं काम अंगावर घेतलं. अंगावर घेतलं म्हणण्यापेक्षा ते येऊन पडलं. रविवारी विहारात वंदना झाली की कोणी ना कोणी हळूच जवळ सरकायचं आणि मुलाचा नाहीतर मुलीचा बायोडाटा हातात द्यायचं. रायपूर, भिलाई, अभनपूर, भनपुरी, सगळीकडची आपली माणसं बाईंना ओळखत होती. ओळखीचं कारण हेच, की बाईंच्या पोटात गोष्ट राहते. बाईंनी एक जाड, लाल कापडी बांधणीची वही केली. एका माणसाला एक पान. नाव, शिक्षण, नोकरी, गाव, आणि शेवटी, ऑफिसच्या सवयीने, शेऱ्याचा रकाना.

बायोडाट्यात जे लिहीत नाहीत ते या रकान्यात जायचं. कोणाला लहानपणी फिट यायची. कोणाचा बाप दुसरं घर करून बसला होता. कोणाची दारू सुटून दोन वर्षं झाली होती. हे सगळं लोक बाईंना आपणहून सांगत, कारण पुढे वाईटपणा यायला नको, आणि बाई योग्य वेळी, योग्य माणसाला, सांगणाऱ्याला विचारूनच ते सांगत. वही गोदरेजच्या कपाटात, कपाटाची किल्ली बाईंच्या कमरेला.

वहीसोबत एक पुठ्ठा होता. तो थेट ऑफिसातून आलेला. तिथे रजेचं रजिस्टर बाईंकडे असे आणि त्यात कोणी कशासाठी रजा घेतली तेही लिहिलेलं असे. कोणाला क्षय झालेला, कोणाची बायको माहेरी निघून गेलेली. एखादा माणूस आपली रजा बघायला आला की आजूबाजूच्या चार ओळी वाचून जायचा आणि दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये त्याची चर्चा. बाईंनी जुन्या फाइलीचा पुठ्ठा घेतला, त्यात ब्लेडने एका ओळीएवढी खिडकी कापली, आणि तो रजिस्टरवर ठेवायला सुरुवात केली. ज्याची ओळ त्यालाच दिसणार. सहकारी हसले. पुढे त्यांच्यातलाच एक आजारी पडला आणि मग कोणी हसलं नाही.

मुलाने स्मार्टफोन घेऊन दिला तेव्हा बाईंची पहिली तक्रार होती, "यात शेऱ्याचा रकानाच नाई." नाव आणि नंबर, संपलं. बाईंना ते पटेना. फोन वाजल्यावर दीपमाला नुसती दीपमाला म्हणून कशी ओळखायची? समाजात दीपमाला सहा. तेव्हा बाईंनी आपली पद्धत काढली. नावाच्याच जागी नाव, गाव आणि शेरा, तिन्ही एका ओळीत, ऑफिसच्या लघुरूपात: "दीपमाला भनपुरी सो.चि. २० दि." सो.चि. म्हणजे सोडचिठ्ठी. वीस दिवसांचं लग्न. अशी सदतीस नावं बाईंच्या फोनमध्ये होती. फोन आपला, आपल्याजवळच असतो, पदराखाली, यात त्यांना काही वावगं वाटलं नाही. वही कपाटात बंद ठेवणाऱ्या बाईंनी तिचा सगळा अर्क सोबत घेऊन फिरायला सुरुवात केली, आणि त्यांना ते कळलंही नाही.

मग आल्या मीराबाई. विहारात शेजारी बसणाऱ्या, प्रेमळ, आणि जगातली प्रत्येक फुकट गोष्ट माहीत असलेल्या. नको त्या नंबरांवरून दिवसातून दहा फोन येतात अशी तक्रार शांताबाईंनी केली तेव्हा मीराबाई म्हणाल्या, "अवो, ते 'कौन बोले' टाका ना! कोनाचा बी फोन आला का नाव दाखवते. फुकट हाय." त्या दुपारी बाईंनी ते टाकलं. ॲपने विचारायला सुरुवात केली. तुमचे संपर्क पाहू का? खाली निळ्या अक्षरांत "अनुमति दें". बाई म्हणाल्या, "हव," आणि बोट ठेवलं. कॉल पाहू का? हव. मेसेज? हव. असं अकरा वेळा. शेवटचे दोन तर डोळे मिटता मिटता.

तीन आठवड्यांनी, एका मंगळवारी, दीपमाला दारात उभी राहिली.

ही दीपमाला एकोणतीस वर्षांची, एका खाजगी दवाखान्यात नर्स, भनपुरीला खोली घेऊन एकटी राहणारी. ड्यूटीवरून थेट आली होती, पायांत अजून दवाखान्यातल्या पांढऱ्या चपला. बाईंनी "ये वो, बस" म्हटलं, पाणी आणलं. तिने पाणी घेतलं नाही.

"मावशी, तुमी कोनाले सांगितलं?"

"काय सांगितलं?"

"माह्या लग्नाचं."

बाईंचा चेहरा ताठ झाला. "मी? दीपमाला, चौतीस वर्षं लोकाइच्या फाइली सांभाळल्या मी. माह्या तोंडातून गोष्ट जात नाई, हे तुले मालूम हाय."

"तो फिर ये क्या है?" दीपमाला रागावली की हिंदीत जाते. तिने आपला फोन पुढे केला. तिच्या वॉर्डात नव्याने आलेल्या, तिचा नंबर अजून न साठवलेल्या भावनाने हसत हसत पाठवलेला फोटो होता. भावनाच्या फोनवर दीपमालाचा फोन आला तेव्हा काय दिसलं त्याचा. मोठ्या अक्षरांत: "दीपमाला भनपुरी सो.चि. २० दि."

"भावनाले मराठी येत नाई," दीपमाला म्हणाली. "मुझसे पूछती है, ये 'सोचि' क्या है, सोच रही है क्या बीस दिन से? सगळा वॉर्ड हसून राहिला. त्याइले समजलं नाई म्हनून वाचली मी."

शांताबाईंनी फोटो दोन बोटांनी मोठा केला. सो, टिंब, चि, टिंब. दि, टिंब. जगात सोडचिठ्ठीला असं लिहिणारं माणूस एकच होतं आणि ते या पलंगावर बसलं होतं. बाईंची कानशिलं तापली.  मग त्या हळूच म्हणाल्या, "मी नाई सांगितलं. पन हे माह्यंच हाय."

दीपमाला खाली बसली आणि रडली. का रडली तेही सांगायला हवं. अभनपूरच्या शाळेत शिक्षक असलेल्या यशदीपचं स्थळ बाईंनीच तिला सुचवलं होतं. दोघांनी एकमेकांचे फोटो पाहिले होते, अजून बोलणं नव्हतं. येत्या रविवारी चार वाजता दीपमालाने त्याला फोन करायचा, असं ठरलं होतं, आणि त्या फोनवर पहिली गोष्ट ती हीच सांगणार होती. वीस दिवसांत काय काय झालं, ती का निघून आली, हे दुसऱ्या कोणी सांगण्याआधी तिला स्वतः सांगायचं होतं. दोन महिने ती ती वाक्यं मनात घोळवत होती.

"त्याच्याकडे हे ॲप असलं तर?" ती म्हणाली. "सगळ्या मास्तराइकडे असते. तो तर मराठी हाय. मी हॅलो म्हनायच्या आदी त्यानं वाचलेलं असन."

"माह्या फोनवरून बोल," बाई पटकन म्हणाल्या.

दीपमालाने डोळे पुसले आणि बाईंकडे बघितलं. "जनमभर तुमच्याच फोनवरून बोलू काय, मावशी?"

 बाई उठल्या, चष्मा पदराने पुसला, फोन खिडकीकडे धरला आणि तीन आठवड्यांपूर्वी जे वाचायला हवं होतं ते पहिल्या ओळीपासून वाचायला बसल्या. अटींत स्पष्ट लिहिलेलं होतं की फोनमध्ये ज्या नावाने नंबर साठवला असेल तेच नाव हे ॲप असलेल्या सगळ्यांना दिसेल.

आतल्या खोलीतून मारोतराव बाहेर आले. हे बाईंचे यजमान, कारखान्यातून निवृत्त, स्वभावाने गार. सगळं ऐकून म्हणाले, "काढून टाक ना ते ॲप, खतम." बाईंनी ॲप दाबून धरलं, पुसलं, आणि दीपमालाला म्हणाल्या, "कर फोन त्या भावनाले." दीपमालाने फोन केला. भावनाने पुन्हा फोटो पाठवला. नाव तसंच.

"कागद फाडला," बाई स्वतःशीच म्हणाल्या, "पन कार्बन कॉपी त्याइच्या कपाटात हाय."

हे कार्बन कॉपीचं डोक्यात आल्यावर मात्र बाईंना रस्ता दिसला. ऑफिसचं काम त्यांना येत होतं. ज्याच्याकडे कॉपी आहे त्याला अर्ज करायचा, आणि अर्ज करून गप्प बसायचं नाही. ॲप परत टाकलं. या वेळी एकेक पडदा वाचला. "अनुमति दें" च्या खाली "अनुमति न दें" असंही लिहिलेलं होतं, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत. ते पाहून बाईंना स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटलं. या वेळी त्यांनी प्रत्येक ठिकाणी दुसऱ्या ओळीवर बोट ठेवलं आणि प्रत्येक वेळी मोठ्याने "नाई" म्हटलं. मारोतराव दारातून बघत होते. "कोनाशी भांडून राहिली?" त्यांनी विचारलं. "माह्याशीच," बाई म्हणाल्या.

खातं बंद करण्याची जागा सेटिंगच्या आत, तिच्याही आत, गोपनीयता नावाच्या पानाच्या तळाशी होती. कोणी शोधूच नये म्हणून ठेवल्यासारखी. तिथे "मेरा सारा डेटा हटाएँ" सापडलं. ॲपने तीनदा विचारलं, खरंच का, खरंच का. जायला सांगितलं तेव्हा ॲपलाही तोंड फुटलं, असं बाई पुढे सांगत. त्यानंतर दीपमालाच्या नंबरासाठी वेगळा अर्ज, त्यांच्या वेबसाइटवर: हा नंबर तुमच्या सूचीतून काढा. तिथे तिच्या फोनवर ओटीपी आला. दीपमाला सवयीने वाचून दाखवू लागली, "चार, सात…"

"थांब!" बाई ओरडल्या. "मले सांगू नको. कोनालेच नाई सांगायचा. घे, तूच टाक." आणि फोन तिच्या हातात दिला, स्वतः तोंड भिंतीकडे केलं. दीपमालाला त्या रडवेल्या अवस्थेत थोडं हसू आलं.

अर्ज गेला. उत्तर आलं की बहात्तर तास लागतील. मंगळवार संध्याकाळपासून बहात्तर तास म्हणजे शुक्रवार संध्याकाळ. रविवारला वेळ होता, पण फार नव्हता. दीपमाला जायला निघाली तेव्हा तिने चप्पल घालता घालता विचारलं, "नाई निघालं तर?"

"तर मी सोता त्याइच्या ऑफिसात जाईन. कुठंबी असो." बाई खरंच गेल्या असत्या.

ती गेल्यावर बाईंनी लाल वही काढली आणि फोनमधली सदतीस नावं एका कागदावर उतरवली. दीपमाला एक झाली. राहिले छत्तीस. मारोतरावांच्या लक्षात आलं की हे प्रकरण इथे संपत नाही. "बाकीच्याइचं गुपचूप कर," ते म्हणाले. "त्याइले काय मालूम? काहून आपल्या पायावर धोंडा पाडून घेतं?"

"गुपचूप होतच नाई ते. ज्याचा नंबर त्याच्या फोनवर ओटीपी येते." मग कागदाची घडी घालत बाई म्हणाल्या, "अन् होत असतं तरी नसतं केलं. त्याइले नाई मालूम, पन मले मालूम हाय ना."

बुधवारी सकाळी नऊला बाई छत्री घेऊन बाहेर पडल्या. मार्चचं रायपूरचं ऊन, ई-रिक्षा, पायी, पुन्हा ई-रिक्षा. फोनवर हे सांगायचं नाही, तोंडावर सांगायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. भिलाईच्या लोकांसाठी गुरुवारी सकाळच्या लोकलने जाऊन आल्या. प्रत्येक घरी तेच वाक्य: "माह्या हातून चूक झाली हाय. तुमची गोष्ट माह्या फोनमदून बाहेर गेली. आता मी ते काढाले आली हाय, पन आदी तुमी मले जे बोलायचं ते बोलून घ्या." लोकांनी बोलून घेतलं. काहींनी चहा दिला, काहींनी नाही. दारू सुटलेल्या माणसाची आई म्हणाली, "सुटली हे तर चांगलंच दिसते ना, राहू द्या." बाईंनी तिलाही समजावलं की राहू द्यायचं की नाही ते तुमच्या मुलानं ठरवायचं, त्याला बोलवा. मुलगा आला. त्याने काढायला सांगितलं.

सगळ्यात कठीण गेलं ते वालदे बाबूंचं घर. त्यांच्या मुलीला पूर्वी फिट यायच्या. औषधाने बंद होऊन पाच वर्षं झाली होती, पण बाईंच्या फोनमध्ये तो शब्द नावाला चिकटलेला होता. वालदे बाबूंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "शांताबाई, आमी तुमाले बँकेच्या लॉकरसारखं समजलो होतो."

बाई मान खाली घालून उभ्या राहिल्या.

"माह्या पोट्टीचं पान फाडा. आत्ता. माह्यासमोर."

बाईंनी पिशवीतून वही काढली. पुठ्ठ्याची पट्टी दुसऱ्या पानावर दाबून धरली, म्हणजे शेजारचं काही दिसू नये, आणि पान मुळापासून फाडून त्यांच्या हातात दिलं. चौतीस वर्षांत त्यांनी रजिस्टरचं पान कधी फाडलं नव्हतं. परतीच्या वाटेवर त्यांना रडू आलं आणि त्यांनी ई-रिक्षात बसून मनसोक्त रडून घेतलं. चालवणाऱ्याने आरशात बघून विचारलं, "का होगे दाई?" म्हणजे काय झालं, आई. बाई म्हणाल्या, "कुछ नई बेटा, एक पन्ना फट गया." 

घरी आल्यावर त्यांनी फोनमधली नावं बदलली. शेरा गेला, गाव गेलं, नावही गेलं. उरला फक्त वहीतल्या पानाचा नंबर. "पान ४१." "पान १२." कोणाचा फोन हे फक्त त्यांना कळणार, आणि विसरलं तर कपाट उघडावं लागणार. मग त्यांनी फोनमधल्या बाकीच्या सगळ्या ॲपांची हजेरी घेतली. टॉर्चला म्हणे संपर्क बघायचे होते. पाककृती सांगणाऱ्याला माइक पाहिजे होता. "तुले माइक काहून पाह्यजे रे, मी भाजी कशी परतते ते ऐकतं काय?" बाईंनी त्यालाही घरी पाठवलं. फोटो पाठवताना एका ॲपने विचारलं, सगळे फोटो दाखवू की फक्त निवडलेले? बाईंनी ते वाचलं आणि मारोतरावांना हाक मारली. "हे पाहा! पुठ्ठाच हाय हा. खिडकी केली हाय त्याइनं. मले कोनी सांगितलंच नाई." त्यांना त्या फोनबद्दल पहिल्यांदाच थोडी आपुलकी वाटली.

शुक्रवार संध्याकाळी बहात्तर तास संपले. कंपनीकडून काही आलं नाही. शनिवारी सकाळीही नाही. बाईंनी अर्जाचा नंबर टाकून आणखी एक पत्र धाडलं, ऑफिसच्या भाषेत, "उपरोक्त विषयान्वये" पासून सुरू होणारं. दहा वाजता एक ओळ आली: तुमचं काम झालं आहे. आता बाईंनी आयुष्यात कंपनीच्या शब्दावर कधी विश्वास ठेवला नव्हता. खात्री करून घ्यायला हवी होती. भावनाच्या फोनवर नको, तिथे जुनं नाव साठून राहिलेलं असेल. ॲप असलेला आणि दीपमालाचा फोन कधीच न आलेला फोन पाहिजे होता. म्हणजे मीराबाई. आणि नाव तसंच असलं तर सगळ्या रायपुरात ते जिच्या डोळ्यांना दिसायला नको, तीही मीराबाईच.

बारा वाजता शांताबाई पुठ्ठा घेऊन त्यांच्याकडे गेल्या. "मीराबाई, तुमचा फोन द्या. आता एक फोन येईल. तुमी पाहायचं नाई, तिकडं तोंड करायचं, अन् काहून ते विचारायचं नाई."

 मीराबाईंच्या जिवावरच आलं. पण शांताबाईंचा चेहरा पाहून त्या मुकाट्याने देवघराच्या जागी लावलेल्या बाबासाहेबांच्या फोटोकडे तोंड करून उभ्या राहिल्या. "मी नाई पाहत. पन मंग तरी सांगसान ना?"

"नाई."

साडेबाराला दीपमालाने दवाखान्यातून फोन केला. शांताबाईंनी पडद्यावर पुठ्ठा ठेवला, खिडकीत बोटभर जागा, आणि पुठ्ठा हळूहळू खाली सरकवला.  दहा आकडे दिसले. त्याखाली दिसलं, "अनजान नंबर". त्याखाली काहीच नाही. बाईंनी पुठ्ठा उचलला, सगळा पडदा दोनदा पाहिला, आणि एवढा मोठा श्वास सोडला की मीराबाई म्हणाल्या, "मरन टळलं काय वो कोनाचं?"

"हव," शांताबाई म्हणाल्या. हे हव खरं होतं. मग त्यांनी मीराबाईंनाही बसवलं आणि त्यांच्या फोनमधून ते ॲप कसं काढायचं, आधी खातं आणि मग ॲप, हे वाचून वाचून दाखवलं.

रविवारी दीपमाला साडेतीनलाच आली. आपला फोन घेऊन छतावर गेली. शांताबाई खाली लसूण सोलत बसल्या. चार वाजता वरून तिचा आवाज आला, पण शब्द कळत नव्हते, आणि बाईंनी कळू नयेत म्हणून पंखा मोठा केला. पंधरा मिनिटं झाली. पंचवीस झाली. महिन्याचा लसूण सोलून झाला. मारोतरावांनी दोनदा जिन्याकडे पाहिलं आणि बाईंनी दोनदा त्यांना डोळ्यांनी खाली बसवलं.

दीपमाला खाली आली तेव्हा तिचे डोळे लाल होते, पण चालणं हलकं होतं. बाईंनी चहा ठेवला, कप हातात दिला, समोर बसल्या.  जीभ वळवळत होती, खोटं कशाला सांगा, पण त्या लसणाची सालं गोळा करत राहिल्या.

"मावशी," शेवटी दीपमालाच म्हणाली, "विचारत काहून नाई?"

"तुही गोष्ट हाय. तुले सांगायची असन तं सांग."

तिने चहा संपवला. "सगळं सांगितलं मी. तो मधात बोलला नाई एकदाबी. मंग म्हने, मले विचार कराले दोन दिवस द्या, अन् काहीही ठरलं तरी फोन मीच करीन. चांगला वाटला मले. पुढचं पुढं." आणि मग, कप खाली ठेवताना, ती म्हणाली, "अन् वीस दिवस नाई, मावशी. एकोनीस. तुमच्या वहीत चुकलेलं हाय."

शांताबाईंनी कमरेची किल्ली काढली. कपाट उघडलं, लाल वही आणली, पान एक्केचाळीस काढलं. पण स्वतः पेन उचललं नाही. वही दीपमालासमोर ठेवली, तिच्यावर पुठ्ठा ठेवला, खिडकी शेऱ्याच्या रकान्यावर आणली, आणि पेन तिच्या हातात दिलं.

"घे. तुह्या पानावर काय लिवायचं ते तू लिव."

दीपमालाने "सो.चि. २० दि." वर एक आडवी रेघ मारली.  मग खिडकीत मावेल एवढ्या बारीक अक्षरांत तिने लिहिलं: "मले विचारा."